उंबऱ्याशी थांबणारी करकर

तात्या, काल दुपारी तीन वाजता तुम्ही पुन्हा आलात.

मी टेबलाशी कागद वाचत बसले होते आणि जिन्यावर चपलांची करकर ऐकू आली. डावी आधी बोलली, उजवीनं मागून उत्तर दिलं. मधल्या वळणावर आवाज जरा थांबला, तुम्ही दम खायला थांबायचात तिथंच. मग उरलेल्या नऊ पायऱ्या. शेवटच्या पायरीनंतर दाराच्या अलीकडे सगळं शांत झालं. मी दार उघडलं. गॅलरीत ऊन होतं, तुमचं बाकडं होतं, भिंतीला चपलांचं कपाट होतं. माणूस नव्हता.

तुम्हाला जाऊन काल नऊ दिवस झाले. रक्षाविसर्जनाला मी स्वतः हजर होते. तेव्हा याला भास म्हणायची सोय आहे, पण तीन वेळा, एकाच वेळेला, एकाच पायरीवर थांबणारा भास मला तरी ठाऊक नाही. पहिल्यांदा वाटलं, वरच्या मजल्यावरचं कुणीतरी आलं. दुसऱ्यांदा वाटलं, रक्तदाबाची गोळी चुकली. काल मात्र मी दार लावायचंही विसरले.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्यात. 'ज्येष्ठ कारागीर' वगैरे. त्या मी पुन्हा लिहीत नाही. तुम्हाला माझ्या लिहिण्याचा तसाही कंटाळा होता. पण तोंडानं जे तुमच्यासमोर निघालं नाही ते लिहूनच काढावं लागणार. आमच्या वकिलीच्या धंद्यात याला कबुलीजबाब म्हणतात.

पहिल्यांदा सुभाषनगरात तुमच्या चपलांच्या कारखान्यात आले तो दिवस मला लख्ख आठवतो. कारखाना कसला, दहा बाय बाराची खोली. भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीसाठी कारागिरांच्या सह्या गोळा करत मी फिरत होते. आम्ही गडहिंग्लजकडचे जैन. आमच्या घरात चामड्याची वस्तू येत नाही, पट्टा नाही, पाकीट नाही, घड्याळाचा पट्टासुद्धा धातूचा. अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, तसा नेमच आहे. मी तुमच्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते, खाली कातड्याचे तुकडे पडले होते म्हणून. तुम्ही ते बघितलंत. दुसऱ्या खेपेला खुर्चीखाली धुतलेलं गोणपाट अंथरलेलं होतं.

"पाय खाली सोडा वकीलबाई," म्हणालात. "गोणपाट हाय, गाय न्हाय."

आणि मग माझ्या पायांतल्या रबरी स्लीपरकडे बघून ते तुमचं हसणं. पुढची अकरा वर्षं ते मला पुरलं. "साऱ्या जगाला सांगत फिरतीस, कोल्लापुरी चप्पल जपा. अन् पायात काय? रबर!" दुसऱ्या वर्षापासून मी तुमची 'तू' झाले होते.

त्याच खोलीत मी तुम्हाला कायदा शिकवायला बसले, आणि उलटं झालं. मी सांगत होते की आपल्या देशात 'कोल्हापुरी चप्पल' हे नाव राखलेलं आहे, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक जिल्ह्यांबाहेर कुणी ते लावायचं नाही. पण देशाची हद्द ओलांडली की ते राखण संपतं. तिकडं प्रत्येक देशात वेगळा अर्ज करा, नाहीतर सरकार जेव्हा एखाद्या देशाशी व्यापार करार करतं तेव्हा त्या यादीत आपलं नाव घालून घ्या. तुम्ही विचारलंत, जगात असा कडक नियम मग कुणालाच नाही काय? मी म्हटलं, आहे की, वाईनला आणि दारूला. जागतिक व्यापाराच्या नियमांत त्यांच्या नावांना सगळ्यात भक्कम संरक्षण आहे.

तुम्ही कातडं कापायची रापी खाली ठेवलीत. "म्हंजे पिऊन पडनाऱ्याची काळजी हाय, चालनाऱ्याची न्हाय. बरं हाय की!"

हे वाक्य मी पुढे दिल्लीच्या एका बैठकीत इंग्रजीत सांगितलं. कुणी हसलं नाही. कोल्हापूरला आल्यावर तुम्हाला तसं सांगितलं, तर म्हणालात, "तिथं सगळी पिऊन आलेली असतील."

पण आपलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते मिटलं नाही. तुमचं म्हणणं, कायदा नावाला जपतो, हाताला जपत नाही. "मी मेलो की नाव ऱ्हातंय, हात जातोय. तुझ्या कागदात हाताला रकाना हाय काय?" मी म्हणायचे, तात्या, नाव राहिलं तर हाताला काम राहील. तुम्ही म्हणायचात, हात राहिला तर नाव कशाला लागतंय. असं आपण दोघं चहा गार होईपर्यंत भांडायचो, आणि तुमची सून शालन कोपऱ्यात वेणी विणत ऐकत बसायची. चपलेच्या अंगठ्यापासून वर येणारी ती कातड्याची बारीक वेणी तुमच्या घरात तीच विणायची. मी तिच्याकडे कधी नीट बघितलंसुद्धा नाही. कारागिरांच्या यादीत मी तुमचं नाव घातलं, तिचं घातलं नाही. मला सुचलंच नाही.

आता त्या आवाजाचं.

कोल्हापुरी वाजते हे सगळ्यांना माहीत आहे. तळव्याच्या थरांमध्ये रानातलं वाळकं बी दाबून बसवतात, आणि चालताना करकर होते. सगळ्यांची करकर सारखी. तुमची नव्हती. तुमच्या जोडीत डावी खर्जात बोलायची आणि उजवी तिच्यापेक्षा चढ्या सुरात उत्तर द्यायची. वळणावरून माणूस दिसायच्या आधी गल्लीत लोक सांगायचे, तात्याची चप्पल आली. बी किती, कुठं, कसं, हे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि मग तो व्यापार करार आला. आपली यादी गेली, आणि समोरच्या देशानं चपलेच्या नावावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं, 'कोल्हापुरी' हा आता सँडलचा एक प्रकार झालाय, कुणीही बनवतं, त्यात तुमच्या गावाचं असं काय आहे ते दाखवा. दिल्लीहून मला फोन आला, मॅडम, असं काहीतरी द्या जे दुसरीकडं होऊच शकत नाही. मी तशीच रिक्षानं तुमच्याकडे आले. तुम्ही शालनला चहा ठेवायला आत पाठवलंत आणि हळूच सांगितलंत: डाव्या टाचेखाली तीन बिया, उजव्या टाचेखाली दोन, मधोमध, वरच्या थराला चिकटून.

"ह्ये कागदावर यायचं न्हाय," म्हणालात. "तुझ्या देवाची शपथ घे."

मी शपथ घेतली. आणि चौथ्या दिवशी लिहिलं. नुसतं 'विशिष्ट नाद' म्हटलं असतं तर त्यांनी उडवून लावलं असतं, म्हणून तीन आणि दोन, टाच, थर, सगळं लिहिलं. माझी समजूत अशी की मी तुमच्यासाठी लिहितेय. चोरापासून जपायचं म्हणून मी घराचं दार कुठं आहे, कडी कुठं आहे, याचा नकाशा काढून दिला. तो कागद किती टेबलांवरून फिरला ते मला ठाऊक नाही. तुम्हाला मी सांगितलं, नाव यादीत जाईल असं वाटतंय. तुम्ही म्हणालात, "आणि?" मी म्हटलं, आणि काय तात्या, बस्स एवढंच.

त्याच आठवड्यात तुम्ही एक गाठोडं घेऊन आला होतात.

तुम्ही आमच्याकडे यायचात तेव्हा गॅलरीतल्या बाकड्यावर बसायचात. चहा तिथंच. अव्वाचा नेम, दाराच्या आत चामडं नको. अकरा वर्षं हे असंच चाललं, आणि मला त्यात काही वाटलं नाही. फक्त एकदा, तुम्ही अनवाणी वर आलात. पावलांचा आवाज न होता दारात एकदम उभे राहिलात, मी दचकलेच. विचारलंत, "वकीलबाई, बंदी कातड्याला हाय का मला?"

मी म्हटलं, "कातड्याला हो, तात्या."

"मग चपला खाली काढून आलोय की."

मी आत वळून बघितलं. अव्वा सोफ्यावर बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बसा ना तात्या, बाकड्यावर वारा चांगला येतोय." तुम्ही बसलात. चहा प्यालात. पुढच्या वेळेपासून पुन्हा चपला घालूनच आलात. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. मी अकरा वर्षं जगाच्या दारात तुमच्या चपलेला मान मिळावा म्हणून भांडले, आणि माझ्या दारात मी तुम्हाला वारा दाखवला.

गाठोडं मांजरपाटात बांधलेलं होतं. वर सुतळी, तिला तुमची ती घट्ट गाठ. "तुझ्या मापाची हाय," म्हणालात. "आत न्यायची नसंल तर भाईर ठेव. पन घाल." मी ते तसंच गॅलरीतल्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलं. गाठसुद्धा सोडली नाही. नंतर भेटलात की विचारायचात, "घातलीस काय?" मी म्हणायचे, हो की, छान बसली. "वाजती काय?" हो तात्या, वाजते. दर खेपेला तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचात आणि मान हलवायचात. दवाखान्यात नाकात नळी असताना शेवटचं तेच विचारलंत. मी पलंगाशी वाकून म्हटलं, "वाजते तात्या, मस्त वाजते." तुम्ही डोळे मिटून हसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी शालनचा फोन आला.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी माझ्या भाचीचं परदेशातून पार्सल आलं. तिकडच्या एका मोठ्या दुकानात तिला चप्पल दिसली, कोल्हापूरचं नाव कुठं नाही, पण हुबेहूब. "मावशी, तुझ्या कामाची आहे," असं तिनं मेसेजमध्ये लिहिलं होतं. गुळगुळीत खोका, आत मऊ कागद, आणि एक कार्ड. कार्डावर छापलं होतं की ही सँडल चालताना गाते. मी गॅलरीतच खोका उघडला, हात घालून चप्पल फरशीवर दाबली, आपटली. ती गाईना. टाच दाबली, चवडा दाबला. अगदी मुकी.

ती पिशवीत घालून मी सुभाषनगरला गेले. तुमची जागा रिकामी होती, रापी भिंतीला टेकून उभी होती. शालननं चप्पल हातात घेतली, उलटी केली, हुंगली, आणि न विचारता रापीनं टाच उकलली. डाव्या टाचेत तीन बिया. उजव्या टाचेत दोन. मधोमध, वरच्या थराला चिकटून.

"ह्ये ह्यास्नी कुणी सांगितलं?" शालन म्हणाली.

मी म्हटलं, "मी. मी कागदावर लिहिलं होतं."

ती मात्र भडकली नाही. ती आधी हसली, मग तोंडाला पदर लावून रडली, आणि रडता रडता म्हणाली, "मामांनी तुमास्नी खोटं सांगितलंतं, ताई. टाचेत बी ठेवलं की चप्पल मुकी हुती. मामा म्हनले, बाई लिहिनार. शपथ घेईल अन् लिहिनार. तिचा धंदाच तो हाय. लिहू दे."

मी खाली बसले. गोणपाट नव्हतं, मी तशीच कातड्याच्या तुकड्यांवर बसले. रागावू की पाया पडू ते मला कळेना. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत, आणि तुमचं बरोबर होतं. खोटं सांगून तुम्ही स्वतःचा हात वाचवलात, आणि माझं पापही निम्मं केलंत.

"मग खरं कुठं ठेवायचं, तुला माहीत आहे?" मी विचारलं.

"हाय की ठावं. धा वर्सं मीच बसवतीय. मामांचा हात थरथरायचा." तिनं रापी पुसली. "पन तुमी इच्यारू नगा."

म्हणजे मी ज्यांची सही घेतली त्यांच्या जोडीतला आवाज दहा वर्षं जिच्या हाताचा होता, तिचं नाव माझ्या एकाही कागदात नाही. रकान्यांवरून तुमच्याशी एवढं भांडले, आणि हात समोर बसलेला मला दिसला नाही. नोंदीचा अर्ज परवाच आणून तिच्यापुढं ठेवलाय. ती म्हणाली, वाचून सांगा, मग सही करीन. अगदी तुमच्यासारखी.

त्या दिवशी निघताना मी सहज म्हटलं, माझ्या जोडीलाही तूच बी बसवलंस का. ती घोटाळली.

"तुमच्या जोडीत बी न्हाईच, ताई."

"म्हणजे?"

"मामा म्हनले, बी नगं. घातली तर येऊन सांगंल, तात्या, वाजत न्हाय. मग तिच्या म्होरं बसून बसवू. तिलाबी दाखवू." शालननं माझ्याकडे बघितलं नाही. "तुमी म्हनायचा, वाजती. मामा घरी येऊन सांगायचे, आज पन वाजली बघ."

तात्या, त्या क्षणी तुम्ही दवाखान्यात का हसलात ते मला कळलं. खरं एवढंच सांगायचं होतं, की घातली नाही. तेवढं सांगितलं असतं तर तुम्ही मला सगळं दाखवणार होतात.

मग मी शालनला जिन्यावरच्या करकरीबद्दल सांगितलं. ती घाबरली नाही. विचारलं, "कितीला?" तीनला. "तीनला मामा च्या पिऊन भाईर पडायचे." आणि मग जरा वेळानं, "त्यांची जोडी तर आमी त्यांच्यासंगंच दिली, ताई. पायात घालून."

आज दुपारी कपाटातलं गाठोडं काढलं. तुमची गाठ सुटेना, मी दातांनी सोडवली. मांजरपाटाच्या घडीत चप्पल होती. मी हात लावायला घाबरले, मग लावला, आणि बघतच राहिले. कातडं नव्हतंच त्यात. तळवा गोणपाटाच्या थरांचा, डिंकानं चिकटवून कुटलेला. पट्टा जाड सुती कापडाचा. वेणी सुताची, पण वीण तीच, टाके तेच, बाजूचे कानही तसेच. जन्मभर तुम्ही रेक्झिनच्या चपला विकणाऱ्यांना भर बाजारात शिव्या घातल्यात, आणि माझ्यासाठी बसून कापडाची केलीत. आमच्या मानांकनाच्या कागदात पहिलीच ओळ माझ्या हातची आहे, की कोल्हापुरी म्हणजे झाडाच्या सालीनं कमावलेलं कातडं. त्या ओळीनं तुमची ही जोडी नकली ठरते. बंदरावर मीच ती अडवली असती.

ती दाराच्या आत आणता आली असती, तात्या. पहिल्या दिवसापासून.

मी बाकड्यावर बसून ती पायात घातली. मापात होती. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, परत आले. पुन्हा चालले. आवाज नाही. शालन खरं सांगत होती. घड्याळात तीन वाजून गेले होते आणि जिनाही शांत होता. आज तुम्ही येत नाही म्हणून मला रडू आलं, हे मी कबूल करते.

तेवढ्यात आतून अव्वानं हाक मारली. तुम्हाला माहीत आहे, दोन वर्षं झाली, तिला काही ऐकू येत नाही. दारावरची बेल नाही, टीव्ही नाही, मी ओरडले तरी नाही. कानातलं यंत्र ती डबीत ठेवते. मी दाराशी गेले. ती सोफ्यावर बसली होती आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत होती.

"कोण आलंय गं?" ती म्हणाली. "चप्पल वाजतीय केव्हाची. ते सुभाषनगरचे तात्या काय?"

मी हलले नाही. माझे पाय जागच्या जागी होते.

"मग बाहेर कशाला उभं केलंयस त्यांना?" अव्वा म्हणाली. "आत बोलाव."

मी मागं वळून बघितलं नाही. दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं, आणि वाटेतून बाजूला झाले.